मालीमच्या धक्क्यावरचा भट

मी मासे खात नाही. आमच्या घरात कुणीच खात नाही. गोव्यातल्या सावई-वेऱ्याच्या आमच्या कुळागरात पोफळी, माड, मिरवेली, केळी, जायफळ, सगळं आहे; स्वयंपाकघरात मात्र चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर. तरी कुणी इसवणाचं, म्हणजे सुरमईचं, शेपूट धरून माझ्यापुढे उभा राहिला, तर तो आज पहाटेचा की परवाचा हे मी सांगतो आणि ते बहुतेक वेळा खरं निघतं. भटाच्या मुलाला हे कसं काय येतं, असं लोक विचारतात. त्यांना मी 'एका उन्हाळ्यात शिकलो' एवढंच सांगून सुटतो. आज सुटायचं नाही असं ठरवलंय.

२०१८ ची गोष्ट. फोंड्याला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि कॉस्ट अकाउंटिंगचा पेपर ४ मार्कांनी उडाला होता. बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं असं असतं की समोरच्याने आपणहून उठून काहीतरी कामाला लागावं. एरवी सुट्टीत मी कुळागराला शिंपणं करायचो, पण त्या वर्षी मोठ्या भावाने पंप बसवला आणि माझं तेही काम गेलं.

पणजीच्या मार्केटामागच्या एका गल्लीत आठ टेबलांची एक खाणावळ होती. बाबा तिथे दरवर्षी सत्यनारायण सांगायला जात. खाणावळ चालवणाऱ्या काकी पेडण्याकडच्या. पूजा आटोपल्यावर दक्षिणा देता देता त्यांनी विचारलं, गल्ल्यावर बसायला आणि उधारीची वही सांभाळायला कुणी विश्वासाचा मुलगा मिळेल का? बाबांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "हिशेबाला जातो आहेस. हिशेबच कर." महिना ७००० रुपये आणि दुपारचं जेवण. आजीला 'पणजीला हॉटेलात' एवढंच सांगितलं. कसलं हॉटेल, हे तिने विचारलं नाही. तिला कळलं नसेल असं मात्र मी आजही म्हणणार नाही.

राहायला पणजीतच, मळा नावाच्या भागात, मामाची खोली होती. शनिवारी रात्री कदंब बस पकडून घरी यायचं आणि सोमवारी पहिल्या गाडीने परत पणजी.

पहिल्या दिवशी खाणावळीत पाऊल टाकताना मी श्वास रोखून धरला होता. किती वेळ धरणार? सोडला, घेतला, आणि नाकात शिरला तो तेफळांचा वास. आमच्या विहिरीमागे तेफळाचं झाड आहे. आजी खतखत्यात आणि तोंडाकात तीच तेफळं ठेचून घालते, आणि चुकून दाताखाली आलं तर जिभेची कड दहा मिनिटं बधिर होते. इथे ती बांगड्यांच्या हुमणात, म्हणजे कालवणात, पडत होती. माशाचा वास होताच, नाही कशाला म्हणू. पण त्याच्या आधी माझ्या घराचा वास आला, आणि त्या गोंधळात मी गल्ल्यावर जाऊन बसलोसुद्धा.

सकाळी साडेदहापासून सुक्या खोबऱ्यासारखी कोरडी गडबड. बाराला पहिलं ताट सुटायचं: उकड्या तांदळाचं शीत, हुमण, एक सुकी भाजी, किसमूर, तिसऱ्यांचं सुकं, तळलेला तुकडा, सोलकढी. साडेबारा ते अडीच बसायला जागा नसे. सरकारी कचेऱ्यांतले लोक, वकील, सिंधुदुर्गातून रोज कामाला येणारी पोरं. तीननंतर कॅसिनोत रात्रपाळी करणारे यायचे, डोळे चोळत, आणि एकही शब्द न बोलता जेवायचे. कोण पैसे देतो, कोण लिहून ठेव म्हणतो आणि कोण लिहून ठेव न म्हणताच निघून जातो, हे मला चार दिवसांत पाठ झालं.

मासळी आणायला काका जायचे. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा गुडघा धरला. मग एक पुरवठा करणारा माणूस दारात आणून टाकू लागला. काकी त्याच्यासमोर काही बोलायच्या नाहीत, तो गेला की मात्र मासे कापायला आदोळीवर बसलेल्या मावशीकडे बघून नुसत्या मान हलवायच्या. एका संध्याकाळी गल्ला मोजताना मला म्हणाल्या, "उद्या माझ्याबरोबर मालीमला चल."

"मी? काकी, मी खात नाही."

"म्हणूनच. खाणाऱ्याचा जीव मोठ्या तुकड्यात अडकतो. तुझा कशात अडकणार नाही."

फेरीबोटीच्या धक्क्यावरून पहाटे मांडवीपलीकडच्या बेतीला जायचं. पाण्यावर कॅसिनोच्या बोटींचे दिवे अजून जळत असत आणि त्यांच्या मागे तिसऱ्या पुलाचे खांब उभे. त्या पुलाचं काम तेव्हा चालू होतं. पुढच्या जानेवारीत तो अटल सेतू म्हणून खुला झाला. फेरीत बसलं की काकी हटकून १९८६ च्या जुलैची गोष्ट काढायच्या. मांडवीचा जुना पूल कोसळला, आणि मग फेरीशिवाय गती उरली नाही. तेव्हा त्या नवीन लग्न होऊन आलेल्या, पलीकडच्या तीरावर अडकलेल्या नवऱ्याची वाट बघत धक्क्यावर बसलेल्या. गोष्ट रोज तीच असायची. वाट बघण्याची वेळ मात्र रोज तासाभराने वाढायची.

बेतीला उतरून चालत गेलं की मालीम, मासळीचा धक्का. ट्रॉलर एकाला एक खेटून बांधलेले, खलाशी ओडिशाचे, झारखंडचे, कर्नाटकातले, सगळ्यांची मिळून एक हिंदी. क्रेट घसरताहेत, बर्फाचं पाणी पायांवरून वाहतंय, पावलं जपून टाकायची. बोली लावणाऱ्या बायांना मी परक्या पाळीव प्राण्यासारखा वाटलो असणार. माझ्या गळ्यातलं जानवं शर्टाच्या उघड्या बटणातून दिसलं आणि एकीने हाक मारली, "आरे भटा, तुका नुस्तें कित्याक?" भटाला मासे कशाला, म्हणजे. सगळा धक्का हसला. त्या दिवसापासून मालीमला माझं नाव भट. कुणी वाईट अर्थाने म्हणत नव्हतं. पुढे पुढे 'भट आयलो' म्हटलं की वरचा क्रेट आपोआप बाजूला सरकायचा, त्याची गंमत पुढे येतेच.

तीन दिवस काकींनी फक्त दाखवलं. डोळा बघायचा: फुगीर आणि स्वच्छ हवा, खोल गेलेला, दुधाळ नको. कल्ले बोटाने उघडायचे: आत लाल हवं, तपकिरी झालं की पुढे चला. बोटाने दाबायचं, खळगा भरून आला पाहिजे. बांगड्याच्या पाठीवर निळसर हिरवी लकाकी असते ती मरायला लागली की समजायचं. सुंगटाचं, म्हणजे कोळंबीचं, डोकं हातात सुटून आलं तर ठेव परत. हे सगळं मी वहीत लिहून घेतलं, कॉलेजात लिहून घ्यायचो तसंच, आणि चौथ्या दिवशी एकटा गेलो.

बांगड्यांचा क्रेट होता, १० किलोचा. १२०० रुपयांत. वरचे सहा-सात बांगडे मी एकेक करून तपासले. डोळे, कल्ले, लकाकी, वहीतलं सगळं बरोबर. काय ऐट होती माझी परतीच्या फेरीत! पाववाला पोदेर सायकल धरून शेजारी उभा होता, त्याच्याकडून दोन पोयी घेतल्या आणि क्रेटवर पाय ठेवून खाल्ल्या. मांडवीवर उजाडत होतं आणि मला वाटत होतं की मी खाणावळ विकत घेतली आहे.

नऊ वाजता मावशीने आदोळी पुढे ओढली. पहिले सात बांगडे सरळ कापले गेले. आठव्याला तिने हात थांबवला, नाकाजवळ नेला आणि माझ्याकडे बघितलं. खालचे सगळे तसेच. पोटं मऊ, हात लावला की फुटत होती.

काकी ओरडतील म्हणून मी गल्ल्यामागे उभा राहून वाट बघत होतो. त्या आल्या, बघितलं, बांगडे एका टोपलीत काढून मागे नेऊन टाकायला सांगितले. फळ्यावर 'आज तळलेलं नाही' असं स्वतःच्या हाताने लिहिलं. ताटामागे ३० रुपये कमी घ्यायला मला सांगितलं. माझ्या पगारातून एक पैसा कापला नाही, आणि कापला असता तर बरं झालं असतं असं मला दिवसभर वाटत राहिलं. एक पेन्शनर रोज कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचे, त्यांनी फळा वाचला आणि विचारलं, "आज मालीमला कोण गेलेलं?" मावशीने माझ्याकडे बोट केलं. ते फक्त "हं" म्हणाले आणि सोलकढी मागितली.

रात्री दार ओढून घेताना काकी म्हणाल्या, "वरचा बघायचाच नसतो पुता. वरचा त्यांनी तुझ्यासाठी ठेवलेला असतो. हात तळाला घाल." आणि थोड्या वेळाने, "हात गार पडला असेल तर आधी काखेत धर. गारठलेल्या बोटांना मऊ काय नि घट्ट काय, सगळं एकच लागतं."

हे काखेत हात धरण्याचं कुठल्याच पुस्तकात नसेल. दुसऱ्या दिवसापासून मी मालीमच्या धक्क्यावर कवायतीला उभा असल्यासारखा काखेत हात घालून उभा राहायचो आणि मग क्रेटात कोपरापर्यंत हात घालायचो. बाया हसायच्या. पंधरा दिवसांनी हसणं थांबलं आणि वरचा क्रेट आपोआप सरकू लागला. पेन्शनरांचंही ठरून गेलं. आल्या आल्या विचारायचे, कोण गेलेलं? भट म्हटलं की तळलेला तुकडा मागवायचे. मला आयुष्यात मिळालेलं हे पहिलं प्रमाणपत्र, आणि ज्यावर मिळालं ती वस्तू मी कधी चाखलेली नाही.

वाचणाऱ्याला आता वाटत असेल की पुढे एक दिवस मी गुपचूप एक तुकडा तोंडात टाकला. नाही टाकला. टाकावासा वाटला का? एकदा, रव्यात घोळवलेली मुडदुशी तव्यावर चुरचुरताना, अगदी क्षणभर वाटलं. ते खाण्यासाठी होतं की आपण केलेली खरेदी बरोबर निघाली का हे बघण्यासाठी, ते मला सांगता येणार नाही.

आता हिशेबाचं. मेच्या पहिल्या आठवड्यात मी ५ किलोचा इसवण आणला, ४५० रुपये किलोने, म्हणजे २२५० चा. मला हुक्की आली. उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर मांडणी केली: डोकं, शेपूट, पोट गेलं, उरले साडेतीन किलो. ८० ग्रॅमचा तुकडा धरला तर ४३ तुकडे. एका तुकड्याला ५२ रुपये. वही घेऊन काकींकडे गेलो. त्या नारळ खवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बावन्न कसे? सेहेचाळीस-सत्तेचाळीस पडतो."

मी परत गुणाकार केला. बरोबरच होता.

"डोक्याची कडी कोण धरणार, तुझा बाप?" त्या म्हणाल्या. कडी म्हणजे कालवण. "डोक्याचे अडीचशे वजा कर."

२००० भागिले ४३. साडेसेहेचाळीस.

कॉस्ट अकाउंटिंगच्या ज्या प्रश्नाने माझा घात केला होता, तो बाय-प्रॉडक्टचा होता. मुख्य माल करताना जे दुसरं काही हाती लागतं त्याची किंमत खर्चातून वजा करायची, एवढंच त्यात होतं. मी सरांच्या नोट्समधली व्याख्या पाठ केली होती, इंग्रजीतली, स्वल्पविरामासकट. इसवणाचं डोकं त्या व्याख्येत बसतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ऑक्टोबरात त्याच पेपरात ६१ पडले. पुढे ऑडिटच्या कामाला लागलो, आणि कुणी फाइलींचा गठ्ठा पुढे केला की माझा हात सवयीने तळाच्या फाइलीकडे जातो. साहेबांना ही चलाखी वाटते.

कढईचं सांगायचं राहिलं.

खाणावळीतली माणसं साडेतीन-चारला जेवायची. मावशी, भांडी घासणाऱ्या दोघी, काकी, सगळ्याजणी उरलेल्या कडीत शीत कालवून, उभ्याउभ्या, एक हात ओट्यावर टेकून. मला वेगळं पान: शीत, डाळ, एखादी भाजी, कैरीचं लोणचं. मी ते पहिल्या दिवसापासून खात होतो आणि मनात समजत होतो की बघा, मी किती सांभाळून घेतोय. त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या वासात बसून मी जेवतो, नाक मुरडत नाही. भटाच्या मुलाचं केवढं हे मोठं मन!

बहुधा दहावा दिवस होता. भांडी घासायला नवीन मुलगी आली होती. तिसऱ्या परतायला तिने भिंतीवरच्या सात कढयांतली कोपऱ्यातली कढई काढली. मावशीने आदोळीवरूनच हात लांब करून तिच्या मनगटावर चापट मारली. "ती नको. ती भटाची."

मी उठून बघितलं. कढईच्या एका कानाला लाल सुती दोरा गुंडाळला होता, तीन वेढे, गाठ आतल्या बाजूला. जुनी कढई नव्हती. तळाला अजून दुकानाच्या शाईचा आकडा अर्धवट दिसत होता. शेजारी त्याच दोऱ्याचा एक झारा. माझी भाजी तिच्यात होत होती, मी आलो त्या दिवसापासून, आणि हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं, त्याचं काय करायचं? त्या दिवशी काकींनी पान वाढलं तेव्हा मी भाजी जास्त मागितली. दुसरं काही सुचलं नाही.

सोमवारी खाणावळीत मासळी नसे. गोव्यात सोमवार पाळणारी घरं पुष्कळ, त्यामुळे त्या दिवशी गिऱ्हाईक निम्मं, आणि काकींचं शाकाहारी ताट अगदी उदास: वरण, बटाटा, पापड. मेच्या मध्याला आमच्याकडे घोटं पिकली. घोट म्हणजे रायवळीतला लहानसा आंबा, बाठ्याभोवती दोरे आणि रस. सोमवारी येताना पिशवीभर घेऊन आलो आणि काकींना म्हटलं, आज उड्डमेथी करू. आजीची. मला पाठ आहे.

"कर," म्हणाल्या. कढई मीच उतरवली, दोऱ्याची.

उडदाची डाळ, मेथीचे मोजके दाणे, सुक्या मिरच्या, चिमूटभर तांदूळ खोबरेल तेलावर परतून घेतले. मेथी जास्त झाली की कडू होतं, त्यामुळे आजी दाणे मोजते, मीही मोजले. ओल्या खोबऱ्याबरोबर वाटलं. पातेल्यात घोटं, गूळ, मीठ, त्यात ते वाटण. शेवटी मोहरी-हिंगाची फोडणी. फोडणी पडायच्या आधी काकींनी बोट बुडवून चाखलं आणि माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मला वाटलं मेथी बिघडली.

"ही माझीच रे," म्हणाल्या. "मी ह्याच वाटणात बांगडे घालते. आमच्याकडेही उड्डमेथीच म्हणतात."

मग दोघांनी मिळून ताडून बघितलं. डाळ तीच, मेथी तीच, तांदूळसुद्धा. त्यांच्यात हिंग नाही, आमच्यात आहे. कुणी कुणाकडून घेतलं, असा प्रश्न मला पडला होता. काकींना पडला नाही. त्या म्हणाल्या, फोडणी घाल, लोक बसलेत. त्या सोमवारी ३१ ताटं गेली. आदल्या सोमवारी २२ होती. फार मोठा चमत्कार नव्हे, पण पुढचे दोन सोमवार मी घोटांच्या पिशव्या वाहिल्या.

एकाच ठिकाणी मी हरलो. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, खरेदीला काकी मला शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात घेऊन गेल्या. कांद्यांच्या माळा, माडाचा गूळ, हरमलच्या मिरच्या (दुसऱ्या कुठल्या मिरचीला त्या मिरचीच म्हणत नसत), इथपर्यंत ठीक होतं. मग सुक्या मासळीची ओळ लागली. सुके बांगडे, सुंगटां, गालमो, खारवलेले तुकडे, वर मेचं ऊन. मी दहा पावलं चाललो आणि एका कापडाच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. काकींनी लिंबू सोडा पाठवला आणि एकट्याच खरेदी करून आल्या. ताज्याचा भट, सुक्याचा नव्हे, असं मावशीने नंतर जाहीर केलं.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, ६१ दिवस, ट्रॉलरना समुद्र बंद. मासळीच्या विणीचा काळ आणि वर खवळलेला दर्या. मेच्या शेवटच्या दिवसांत मालीमला जाळी उतरवून पसरली जात होती आणि भाव रोज चढत होता. माझीही सुट्टी तेव्हाच संपत आली होती. ३१ तारखेला काकींनी पगाराचं पाकीट दिलं आणि म्हणाल्या, आजीला सांग, भिरंडाची सोलं बरी होती. मी चमकलो. सोलं मी घरून आणत होतो खरा, पण ती आजीने काकींसाठी म्हणून बांधून दिली होती, खाणावळीतल्या सोलकढीसाठी, आणि 'हॉटेलात लागतील' एवढंच म्हणाली होती. चांगल्यातली, रसात पुन्हा पुन्हा भिजवून वाळवलेली.

रविवारी घरी आलो की आधी विहिरीवर आंघोळ, शर्ट गोठ्याच्या दांडीवर, मग ओटीवर. आजी माळ ओढत बसलेली असायची आणि मी बाबांना आठवड्याचा हिशेब सांगायचो. काय आणलं, केवढ्याला, कुठे फसलो. बांगड्यांची गोष्ट मी दोनदा सांगितली असेल. आजी ऐकते आहे असं कधी वाटलं नाही. तिची माळ थांबत नसे.

जुलैत फॉर्मेलिनचं प्रकरण झालं. मडगावच्या घाऊक बाजारात परराज्यातून आलेल्या मासळीत ती टिकावी म्हणून हे रसायन घालतात असा संशय आला, सगळ्या गोव्यात गदारोळ उठला आणि सरकारने काही दिवस बाहेरची मासळीच बंद केली. ज्यांच्या घरी दोन वेळा मासे शिजायचे ती घरं भोपळ्यावर आली. अशा एका पावसाळी सकाळी शेजारची वहिनी फोंड्याहून नदीतले मासे, शेवटे, घेऊन आली आणि पिशवीसकट आमच्या अंगणात उभी राहिली. "बघ रे जरा. खाडीतले म्हणून दिलेत."

फॉर्मेलिन असं नजरेला कळत नाही, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, निदान ताजे आहेत की नाही ते तरी सांग. मी पायरीच्या चिऱ्यावर केळीचं पान घातलं, त्यावर पिशवी रिकामी केली आणि सवयीने हात काखेत घातले. आत आजीचा जप ऐकू येत होता. मी पहिला शेवटा उचलला, कल्ले उघडले.

जप थांबला.

"वरचा काय बघतोस," आजी आतून म्हणाली, "खालचा बघ."